सुलतानाचे स्वप्न

पैराबंद नावाचे एक खेडे आहे. ते आज बांगलादेशातील रंगपूर जिल्ह्यात येते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या खेड्यात एका जमीनदाराचा मोठा वाडा होता. रात्र झाली की वाड्यातील दिवे एकेक करून मालवले जात. अब्बाजान झोपी जात. नोकरचाकर झोपत. सगळीकडे सामसूम झाली की एका खोलीत मेणबत्ती पेटत असे. तिच्या उजेडात दोन डोकी एका पुस्तकावर वाकलेली दिसत. एक होता मोठा भाऊ इब्राहिम आणि दुसरी होती त्याची धाकटी बहीण रुकय्या. भाऊ हळू आवाजात शिकवी. बहीण तितक्याच हळू आवाजात वाची. पावलांचा आवाज आला की दोघेही गप्प होत.

ही मुले चोरून काय वाचत होती? ती इंग्रजी आणि बंगाली वाचत होती.

हीच रुकय्या पुढे बेगम रुकय्या सखावत हुसेन या नावाने प्रसिद्ध झाली. बंगालीत त्यांना बेगम रोकेया म्हणतात. त्यांनी मुलींसाठी शाळा काढली. त्यांनी पुस्तके लिहिली. आणि १९०५ साली त्यांनी एक अशी विज्ञानकथा लिहिली, की जिचे आज जगभर कौतुक होते.

रुकय्याचा जन्म ९ डिसेंबर १८८० रोजी झाला. तिचे वडील जहीरुद्दीन साबेर हे विद्वान गृहस्थ होते. त्यांना अरबी, फारसी, उर्दू अशा अनेक भाषा येत होत्या. त्यांनी आपल्या मुलांना शिकण्यासाठी कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात पाठवले. पण मुलींची गोष्ट वेगळी होती. त्या काळी बंगालमधील खानदानी घराण्यांत मुलींना कुरआन शरीफचे पठण शिकवत. थोडेफार उर्दू शिकवत. त्यापुढे शिक्षणाची गरज नाही, असे सर्वांना वाटे. बंगाली ही तर आसपासच्या साध्या लोकांची भाषा. ती शिकून मुलींना काय करायचे आहे, असे वडीलधारे विचारत. इंग्रजीचे तर नावच नको.

पडदाही फार कडक होता. परक्या पुरुषांसमोर जायचे नाही, एवढेच नव्हे, तर बाहेरच्या बायकांसमोरही मुलींनी जायचे नाही, अशी रीत होती. रुकय्या पाच वर्षांची झाली तेव्हापासून तिला हा नियम लागू झाला. एकदा घरी पाहुण्यांबरोबर परक्या मोलकरणी आल्या. त्या घरभर फिरत. त्यामुळे लहानग्या रुकय्याला माळ्यावरच्या खोलीत लपून बसावे लागले. असे एक दिवस नव्हे, काही दिवस चालले. तिच्याच वयाचा तिचा भाचा हालू अधूनमधून वर येई आणि तिला दूध देऊन जाई. तो मुलगा होता. त्याला घरभर हिंडता येत होते. दोघेही सारख्याच वयाची, पण एक मोकळा आणि एक लपलेली. ही आठवण रुकय्याच्या मनातून कधीच गेली नाही.

रुकय्याची थोरली बहीण करीमुन्निसा हिलाही वाचनाचे वेड होते. भाऊ अभ्यास करत तेव्हा ती दुरून पाही आणि अंगणातल्या मातीत काडीने अक्षरे गिरवी. अशा रीतीने ती बंगाली वाचायला शिकली. पण नातेवाइकांना ते आवडले नाही. मुलगी बिघडेल, असे ते म्हणू लागले. करीमुन्निसाचे पुस्तक सुटले आणि पंधरा वर्षे पूर्ण होण्याआधीच तिचे लग्न झाले. तरीही तिने वाचनाची आवड सोडली नाही. धाकट्या बहिणीला बंगालीची गोडी तिनेच लावली. इंग्रजीची ओळख इब्राहिमने करून दिली. बहिणीने अक्षर दिले, भावाने उजेड दिला. रुकय्याची पहिली शाळा ती हीच.

१८९८ च्या सुमारास रुकय्याचे लग्न झाले. पती सय्यद सखावत हुसेन हे बिहारमधील भागलपूरचे. ते सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. वयाने ते रुकय्याबेगमपेक्षा पुष्कळ मोठे होते. त्यांची पहिली पत्नी वारली होती. ते इंग्लंडला जाऊन शिकून आले होते आणि त्यांचे विचार उदार होते. पत्नीने इंग्रजी शिकावे, लिहावे, असे त्यांना मनापासून वाटे. आता मेणबत्ती लपवण्याची गरज राहिली नाही. रुकय्याबेगम दिवसाउजेडी वाचू लागल्या.

भागलपूरच्या घरात सगळे उर्दू बोलत. बंगाली बोलायला कोणी नव्हते. अशा ठिकाणी माणूस आपली भाषा विसरतो. पण रुकय्याबेगम बंगालीतच लेख लिहीत राहिल्या. आपण बंगाली विसरलो नाही याचे श्रेय त्यांनी पुढे करीमुन्निसाला दिले. त्यांच्या लेखांचा ‘मतिचूर’ नावाचा संग्रह १९०४ साली निघाला. स्त्रियांनी शिकावे, स्वतःच्या पायावर उभे राहावे, असे त्या लेखांत सांगितले होते.

यानंतरची गोष्ट मोठी गमतीची आहे. सखावत हुसेन कामानिमित्त दोन दिवस बाहेरगावी गेले होते. घरी रुकय्याबेगम एकट्याच होत्या. वेळ जावा म्हणून त्यांनी कागद घेतले आणि इंग्रजीत एक गोष्ट लिहिली. पती परत आले. त्यांनी ते कागद उचलले आणि उभ्या उभ्याच सगळी गोष्ट वाचून काढली. वाचून ते खूश झाले. पुरुषांवर हा चांगलाच सूड उगवला आहे, असे त्यांना वाटले. पण त्यांना राग आला नाही. उलट ती गोष्ट छापावी, असा त्यांनी आग्रह धरला. १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’ या मासिकात ती छापून आली. १९०८ साली तिचे पुस्तक निघाले. गोष्टीचे नाव होते ‘सुलतानाचे स्वप्न’.

या गोष्टीत काय आहे? सुलताना नावाची एक स्त्री आरामखुर्चीत बसून विचार करता करता झोपी जाते. स्वप्नात तिला सारा नावाची मैत्रीण भेटते आणि एका अनोख्या देशात घेऊन जाते. त्या देशाचे नाव लेडीलँड, म्हणजे स्त्रियांचा देश. रस्त्यावर सगळीकडे स्त्रियाच दिसतात. पुरुष एकही दिसत नाही. ते सगळे घरात, पडद्याआड असतात. सुलताना बुजते, कारण तिला असे उघड्यावर फिरण्याची सवय नसते. पण तिथे भिण्याचे कारणच नसते. तिथे चोरी नाही, मारामारी नाही.

हे सारे कसे घडले, ते सारा सुलतानाला सांगते. या हकिगतीची खरी नायिका आहे त्या देशाची राणी. ती गादीवर आली तेव्हा तिचे वय होते अवघे तेरा वर्षे. आपण ही हकिगत त्या मुलीच्या बाजूने पाहू.

तेरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर मुकुट आला. पण कारभार मात्र प्रधानाच्या हाती होता. तिला नुसते नावाचे राज्य मिळाले होते. अशा वेळी दुसरी एखादी मुलगी दागिन्यांत आणि खेळण्यांत रमली असती. या मुलीला विज्ञानाची आवड होती. तिने आपल्या देशातल्या मुलींकडे पाहिले. त्या तिच्याच वयाच्या होत्या. त्यांना शाळा नव्हती. लहान वयातच त्यांची लग्ने होत होती. राणीने फर्मान काढले की राज्यातील सर्व मुलींनी शिकले पाहिजे. जागोजागी शाळा निघाल्या. मग दुसरा कायदा आला. एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलीचे लग्न करायचे नाही.

मुली शिकल्या. राजधानीत त्यांच्यासाठी दोन विद्यापीठे उघडली. पहिल्या विद्यापीठातील स्त्रियांनी एक अद्भुत फुगा तयार केला. त्याला नळ्या जोडलेल्या होत्या. तो आकाशात ढगांच्या वर तरंगत राही आणि हवेतले पाणी खाली आणी. त्यामुळे पाऊस हवा तेव्हा मिळू लागला आणि वादळे थांबली. हे पाहून दुसऱ्या विद्यापीठालाही चुरस वाटली. तिथल्या स्त्रियांनी सूर्याची उष्णता साठवून ठेवण्याचे यंत्र बनवले. देशातले पुरुष तेव्हा तोफा आणि सैन्य वाढवण्यात गुंतले होते. त्यांनी या शोधांची थट्टा केली. राणीने त्यांना उत्तर दिले नाही. ती वाट पाहत राहिली.

पुढे एक दिवस परीक्षेची वेळ आली. शेजारच्या देशातून काही माणसे पळून आली. त्यांनी राणीकडे आसरा मागितला. शेजारच्या राजाने ती माणसे परत मागितली. राणीपुढे मोठा पेच पडला. माणसे परत दिली तर ती मारली जातील. न दिली तर युद्ध होईल. आसऱ्याला आलेल्याला हाकलून द्यायचे नाही, हे राणीचे तत्त्व होते. तिने नकार दिला. युद्ध सुरू झाले. पुरुष शौर्याने लढले, पण शत्रू पुढेच येत राहिला. सोळा वर्षांचा मुलगासुद्धा घरी उरला नाही. सगळे रणांगणावर गेले. शत्रू राजधानीपासून फक्त २५ मैलांवर येऊन ठेपला.

राणीने देशातील शहाण्या स्त्रियांना बोलावले. ताकदीने आपण जिंकणार नाही, हे सगळ्यांना माहीत होते. तेव्हा दुसऱ्या विद्यापीठाच्या प्राचार्य उभ्या राहिल्या. पुरुषांना जे ताकदीने जमले नाही, ते आपण बुद्धीने करून पाहू, असे त्यांनी सुचवले. त्यांची एकच अट होती. स्त्रिया बाहेर पडण्याआधी पुरुषांनी घरात जावे. पुरुष थकलेले होते, जखमी होते. ते काही न बोलता घरात गेले. मग प्राचार्य आपल्या दोन हजार विद्यार्थिनींना घेऊन निघाल्या. त्यांच्याजवळ तलवारी नव्हत्या, बंदुका नव्हत्या. त्यांनी साठवलेले ऊन आणि उष्णता शत्रूच्या दिशेने सोडली. तो उजेड आणि ती धग शत्रूला सोसवेना. सैनिक बंदुका टाकून पळाले. मागे राहिलेली शस्त्रे उन्हाच्या धगीने जळून गेली. ज्या शोधाची थट्टा झाली होती, त्यानेच देश वाचवला.

तेव्हापासून लेडीलँडचा कारभार स्त्रिया पाहू लागल्या. सुलतानाने तो देश पाहिला तेव्हा या गोष्टींना अनेक वर्षे लोटली होती. स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होत होता. धूर नाही, कोळसा नाही. शेते विजेने नांगरली जात होती. आगगाड्या नव्हत्या. लोक हवेतल्या गाडीतून फिरत. रोज फक्त दोन तास काम केले की पुरे होत असे. सुलताना राणीला भेटली तेव्हा राणी आपल्या चार वर्षांच्या मुलीबरोबर बागेत फिरत होती. दुसऱ्याच्या जमिनीचा किंवा हिऱ्यामाणकांचा आपल्याला लोभ नाही, ज्ञानाच्या सागरात बुडी मारून रत्ने शोधणे हेच आपले काम, असे तिने सुलतानाला सांगितले. इतक्यात सुलताना हवेतल्या गाडीतून पडली आणि जागी झाली. पाहते तर ती आपल्याच खोलीत, आपल्याच खुर्चीत होती.

पुरुषांना घरात कोंडावे, असे रुकय्याबेगमना खरोखर वाटत होते का? तसे नव्हे. मेणबत्तीपाशी बसून शिकवणारा भाऊ पुरुषच होता. गोष्ट छापा म्हणणारे पतीही पुरुषच होते. रुकय्याबेगमनी फक्त चित्र उलटे केले. घरात कोंडून राहणे पुरुषांना विचित्र वाटत असेल, तर स्त्रियांना काय वाटत असेल, हा प्रश्न त्यांनी हसत हसत विचारला.

गोष्टीतील राणीने एक फर्मान काढले आणि शाळा निघाल्या. प्रत्यक्षात मात्र एक शाळा काढण्यासाठी रुकय्याबेगमना आयुष्य घालवावे लागले.

त्यांना दोन मुली झाल्या, पण दोघीही तान्ह्या असतानाच वारल्या. सखावत हुसेन आजारी पडले. मुलींची शाळा काढण्यासाठी त्यांनी १०,००० रुपये बाजूला ठेवले. ३ मे १९०९ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा रुकय्याबेगम २८ वर्षांच्या होत्या. काही महिन्यांतच त्यांनी भागलपूरमध्ये पतीच्या नावाने शाळा सुरू केली. विद्यार्थिनी होत्या फक्त पाच. रुकय्याबेगमनी स्वतः कधी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. एकच शिक्षिका एकाच वेळी पाच मुलींना कशी शिकवणार, हेच त्यांना आधी कळेना!

पण घरात इस्टेटीवरून तंटा सुरू झाला. त्यांना भागलपूर सोडावे लागले. शाळा बंद पडली. त्या कलकत्त्याला आल्या. १६ मार्च १९११ रोजी वलीउल्ला लेनमधील एका छोट्या घरात त्यांनी पुन्हा शाळा उघडली. या वेळी मुली होत्या आठ. शाळेचे नाव सखावत मेमोरियल गर्ल्स स्कूल. या शाळेचे माध्यम उर्दू होते.

वर्ग कसे चालवतात, हे पाहण्यासाठी त्या शहरातील दुसऱ्या शाळांत जाऊन बसत. घरोघरी जाऊन आईबापांना विनवत. मुलींना शाळेत पाठवा, पडद्याची काळजी आम्ही घेऊ, असे सांगत. त्या स्वतः बुरखा घेऊनच बाहेर पडत. ज्ञान मिळवणे हे पुरुषांप्रमाणे स्त्रीचेही कर्तव्य आहे, असे धर्मच सांगतो, हे त्या लोकांना समजावून देत.

मुलींना आणण्यासाठी शाळेने एक मोटारबस घेतली. पडदा पाळला जावा म्हणून ती सगळीकडून बंद केली होती. जाळीची एक छोटीशी पट्टी सोडली तर हवा यायला वाट नव्हती. आत इतका अंधार आणि उकाडा होई की मुली घाबरत. कोणाला उलटी होई, कोणी बेशुद्ध पडे. आईबापांनी तक्रार केली. तेव्हा रुकय्याबेगमनी खिडक्या उघडून त्यांवर कापडी पडदे लावले. दुसऱ्याच दिवशी रागाची पत्रे आली. वाऱ्याने पडदे उडतात, पडदा मोडतो, असे त्यांत लिहिले होते. बस बंद ठेवली तर मुली गुदमरतात, उघडली तर लोक चिडतात. करावे तरी काय? त्यांनी चिकाटी सोडली नाही. १९१५ सालापर्यंत शाळेत ८० हून अधिक मुली आल्या. पुढे ती हायस्कूल झाली. बसची ही हकिगत आणि माळ्यावर लपल्याची आठवण, दोन्ही त्यांनी ‘अवरोधवासिनी’ या पुस्तकात लिहून ठेवल्या.

१९१६ साली त्यांनी अंजुमन-ए-ख्वातीन-ए-इस्लाम ही संस्था स्थापन केली. या संस्थेने गरीब मुलींना आणि विधवांना मदतीचा हात दिला. लेखनही चालूच होते. १९२४ साली त्यांची ‘पद्मराग’ ही कादंबरी निघाली. ती त्यांनी इब्राहिमभाईंना अर्पण केली.

१९३० साली आणखी एक नवल घडले. रुकय्याबेगम खऱ्याखुऱ्या विमानात बसल्या आणि सुमारे ५० मैलांची सफर करून आल्या. हवेतली गाडी त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी कागदावर उडवली होती. आता त्या स्वतः आकाशातून जमीन पाहत होत्या. माळ्यावर लपून बसलेली पाच वर्षांची मुलगी पन्नाशीला आली होती. तिचे निदान एक स्वप्न तरी खरे झाले होते. त्या सफरीवर त्यांनी एक लेखही लिहिला.

८ डिसेंबर १९३२ च्या रात्री त्या उशिरापर्यंत लिहीत बसल्या होत्या. लेखाचा विषय होता स्त्रियांचे हक्क. लेख पुरा झाला नाही. ९ डिसेंबरच्या पहाटे त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मही ९ डिसेंबरचाच. त्या दिवशी त्यांना ५२ वर्षे पूर्ण होत होती. बांगलादेशात ९ डिसेंबर हा दिवस रोकेया दिवस म्हणून पाळला जाऊ लागला.

त्यांनी काढलेली शाळा आजही कोलकात्यात आहे. आठ मुलींनी सुरू झालेल्या त्या शाळेतून पुढे कितीतरी मुली शिकून बाहेर पडल्या. सूर्याच्या उष्णतेवर अन्न शिजवणारी चूल आता कोणाला नवलाची वाटत नाही. घरांच्या छपरांवर उन्हापासून वीज बनवणाऱ्या पट्ट्या दिसतात. पण रुकय्याबेगमच्या स्वप्नातला सर्वांत मोठा शोध यंत्राचा नव्हता. तेरा वर्षांच्या मुलीला शिकू दिले, तर ती काय करू शकते, हा तो शोध होता.

मुलांनो, तुम्ही घरी एक भाषा बोलता आणि शाळेत दुसऱ्या भाषाही शिकता. भरदुपारी, उघड्या पुस्तकावरून, मोठ्याने वाचता. रुकय्याला यासाठी सगळे घर झोपण्याची वाट पाहावी लागत होती. पुस्तक उघडताना कधीतरी त्या मेणबत्तीची आठवण करा.